थोरल्या मेहुणीचे हातमोजे

नाही, पण मी म्हणतो, हातमोजा ही काय अशी वस्तू आहे का हो, की जिच्यापायी दुकानाचं छत खाली यावं? आं? माणूस हातमोजे घ्यायला जातो म्हणजे करतो काय? हात घालतो, मूठ मिटतो, उघडतो, बसले तर बसले, झालं, बांधा! पण तुम्हाला सांगतो, आमच्या हिच्या थोरल्या बहिणीबरोबर हातमोजे घ्यायला जाणं म्हणजे... जाऊ दे. नाही, जाऊ दे कशाला, सांगतोच!

थोरल्या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. गावाच्या टोकाला कोंबड्यांच्या दोन लांबलचक शेडा, त्या एकट्या सांभाळतात. यजमान गेले, त्यांच्या मागे त्यांची दुनळी बंदूक राहिली, ताईंनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. हात असे, की खाद्याचं पोतं काखोटीला मारून चालता चालता दुसऱ्या हातानं दार लावतात! आणि मी? मी छापखान्यात प्रुफं वाचतो हो! जन्मात पेन्सिलीपेक्षा मोठं हत्यार धरलेलं नाही, आणि तिलाही टोक जास्त झालं तर मला धसका बसतो!

तर यंदा थंडी अशी पडली की पिंपातलं पाणी फोडायला हातोडा लागायचा. रानात खायला काही उरलं नाही, आणि एक रानडुक्कर गावात उतरलं. डुक्कर कसलं, केसाळ ट्रॅक्टर! दूधवाल्याला सायकलसकट उचलून गटारात टाकला, पोटरी हाडापर्यंत फाडली. मग ताईंची जाळी उचकटून शेडमध्ये शिरलं आणि कोंबड्या... सांगवत नाही. नुसता पिसांचा आणि रक्ताचा चिखल! दुसऱ्या पहाटे पुन्हा हजर. ताई बंदूक घेऊन दारात, डुक्कर अंगणात, ताईंनी नेम धरला, घोडा ओढायला गेल्या... तर बोट हलेना! गारठून लाकूड झालेलं! डोकं म्हणतंय ओढ, बोट म्हणतंय आपण कोण? आणि तेवढ्यात ताईंचा कुत्रा, म्हातारा, एका डोळ्यानं आंधळा, दात निम्मे पडलेले, तो मध्ये धावला. डुकरानं त्याला सुळ्यावर घेतलं आणि भिंतीवर आपटलं. मग पडल्यावर पुन्हा आपटलं, आणि रानाकडे चालतं झालं.

ताईंनी पहारीनं खड्डा खणला, कुत्र्याला पुरलं आणि हातपाय न धुता तडक आमच्या दारात. डोळे कोरडे ठणठणीत. म्हणाल्या, "मेहुणे, उठा. हातमोजे घ्यायचेत."

मी हिच्याकडे बघितलं. ही हळूच म्हणते, "अहो, जा ना. आत्ता तिला एकटी सोडू नका." गेलो! आणि हे सगळं कशापायी? हातमोज्यांपायी!

दुकानात शिरलो तर ताईंच्या खांद्याला बंदूक. दुकानदार म्हणजे साखरेत घोळलेला माणूस, पण तोही काउंटरमागे सरकला. "ताई, बंदूक कशाला आणलीत?" ताई म्हणाल्या, "तुम्ही जोडे घ्यायला जाता तेव्हा पाय घरी ठेवता का?" दुकानदारानं लगेच पहिलं खोकं उघडलं!

मग सुरू! "हा बघा लोकरी, अगदी मांजराचं पिल्लू हातात घेतल्यासारखं!" ताईंनी घातला, घोड्यावर बोट ठेवलं. "घसरतंय. पुढचा." "हा चामडी, आत अस्तर, वाऱ्याची बिशाद नाही शिरायची!" "वाकत नाही. पुढचा." "हा पातळ, जणू अंगचीच कातडी!" "मग माझी कातडी काय वाईट होती? पुढचा!" शेवटी त्यानं वरच्या फळीवरून एक जोड काढला, गुबगुबीत, प्रत्येक बोट म्हणजे एकेक उशी! ताई तो घालून मूठ मिटून बघताहेत, आणि कोपऱ्यातून आवाज येतो...

कोपऱ्यात एक गृहस्थ होते, अंगात खिसेच खिसे असलेलं जॅकेट. ते म्हणतात, "बाई, हातमोज्यानं काय होतंय? हिंमत लागते, हिंमत! कुत्रं मेलं म्हणे तुमच्या डोळ्यांदेखत?"

अहो, मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी मला फक्त आवाज आला, पीठ भरलेलं पोतं माळ्यावरून पडावं तसा. उघडले तर गृहस्थ मोज्यांच्या ढिगात, नाकातून रक्ताची धार, आणि एक दात काउंटरवर! आणि दुकानदार, तुम्हाला सांगतो, धंदा म्हणजे काय ते त्या माणसाकडून शिकावं, तो म्हणतो, "पाहिलंत ताई? आपल्या हाताला काही लागलं का? गादीच तशी आहे!"

ताई म्हणाल्या, "हं. आता घोडा बघते." मी म्हटलं, "ताई, बंदूक..." "रिकामी आहे हो!" आता मला सांगा, त्या पहाटे जी बंदूक उडालीच नाही, जिच्यातली काडतुसं काढायची शुद्ध कुणाला राहिली नाही, ती रिकामी कशी असेल? आं? मी ते म्हणणार तेवढ्यात... धडाम! टोप्या घालून उभ्या केलेल्या प्लास्टरच्या पुतळ्याचं मुंडकं गेलं! छताचे पुठ्ठे खाली! मी दुकानदाराच्या अंगावर, दुकानदार काउंटरखाली, जॅकेटवाले गृहस्थ मोज्यांच्या ढिगात आणखी खोल! धूर विरला, तर ताई हाताकडे बघत शांतपणे म्हणताहेत, "हे नकोत. घोडा कधी ओढला गेला तेच कळलं नाही."

काउंटरखालून दुकानदार म्हणाला, "बाई, ते डुक्कर मारणार आहात का?" "मारणार." "मग छताचं मी बघतो. त्यानं फाडली ती पोटरी माझ्या सख्ख्या भावाची आहे." आणि सरपटत जाऊन त्यानं आतून एक जोड आणला. आत पातळ लोकरी, वर जाड, आणि बोटांवर झाकण! बटण काढा, झाकण मागे, बोट मोकळं. बांधला. आणि मला म्हणाला, "साहेब, तुम्हाला ते उशीवाले देऊ?" मलाही डुकरामागे जायचंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

दुसऱ्या पहाटे मी शेडमागे उकिडवा. हातात गुबगुबीत हातमोजे, खिशात काडतुसं, दात असे वाजताहेत की ताई म्हणाल्या, "मेहुणे, तोंडात रुमाल धरा!" आणि आलं. आवाज न करता आलं. ताईंनी दातानं बटण तोडलं, झाकण मागे, धाड! गोळी डुकराच्या खांद्यात बसली, मांस उडालेलं दिसलं. पडायचं सोडून ते आमच्याकडे वळलं! ताई दुसरा बार टाकताहेत तेवढ्यात ते झाकण, ते मेलं झाकण, पुढं येऊन घोड्यात अडकलं! बार गेला आभाळात, डुक्कर आलं अंगावर! सुळा मांडीत! ताई उताण्या, रक्त गोठलेल्या जमिनीवरून वाफा टाकत वाहतंय, आणि तशाच ताई बंदुकीच्या दस्त्यानं त्याच्या नाकाडावर हाणताहेत, एक तुझ्या आईला, एक तुझ्या बापाला! "मेहुणे, काडतूस!"

काडतूस! उशीवाल्या बोटांनी! खिशात हात जातोय पण काही लागत नाही, लागलं तर धरवत नाही, धरलं तर निसटतंय! आणि हे सगळं कशापायी? हातमोज्यांपायी! शेवटी हातमोजे दातांनी ओढून फेकले, जमिनीवर निसटून पडलेली दोन काडतुसं उघड्या हातानं उचलली. तोवर ताईंनी बंदूक माझ्याकडे भिरकावली होती आणि स्वतः... खोटं वाटेल तुम्हाला... डुकराचा मागचा पाय दोन्ही हातांनी धरला होता! ते ओढतंय, त्या फरपटताहेत! "नळी मोडा! पितळी बूड तुमच्याकडे! अहो, उलटं घालताय! प्रुफं अशीच वाचता का?" मी म्हटलं, "ताई, तुम्हाला लागेल!" "मी शेपटीकडे आहे! तुम्ही तोंडाकडून मारा!"

ते माझ्याकडे वळलं. तोंडाला फेस, सुळ्यावर ताईंच्या विजारीची चिंधी. बोटांत जीव नव्हता हो. मी ते बोट दुसऱ्या हातानं धरलं आणि दोन्ही हातांनी घोडा ओढला. दोन्ही घोडे! बंदुकीनं मला मागं फेकलं, गळ्याखालचं हाड कडकन मोडलेलं मी ऐकलं, आणि डुक्कर माझ्या पायांवर येऊन पडलं. छाती-पोट एक झालेलं. दोन झटके दिले, संपलं.

ताईंनी मफलरनं मांडी आवळून बांधली, खुरडत आल्या, डुकराकडे बघितलं आणि रडायला लागल्या. त्या कुत्र्याचं नाव घेऊन, पोर गेल्यासारख्या. मी डुकराखालून पाय ओढून काढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. थंडी अशी की आसवं गालावरच थिजली. माझी बोटं निळी, त्यांचे मोजे फरपटताना गळून पडलेले, बोटं काळी.

ताईंनी डोळे पुसले, आणि सरळ दोन्ही हात कोपरापर्यंत त्या फुटलेल्या पोटात घातले. मी तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, "बघता काय मेहुणे? बोटं जातील. घाला."

मला हो, टिकलीएवढं रक्त दिसलं तरी घेरी येते! पण थोरल्या मेहुणीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. घातले. काय करणार?... आणि आता खोटं कशाला बोलू, अगदी माझ्या मापाचं बसलं हो!