डक्टमधून येणारा आवाज

दाताच्या दवाखान्यात घड्याळजी ठणकणारा गाल धरून बसले होते. शेजारी दोन बहिणींच्या गप्पा रंगल्या होत्या.

"आमच्या डक्टमधून पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका जोडप्याचं सगळं ऐकू येतं गं," थोरली म्हणाली. "तोंडं कधी बघितली नाहीत, पण आवाज झोपेतही ओळखेन."

"भांडतात?"

"छे! नवरा साधा आहे. रोज निघताना तोच विनोद, 'चला बाईसाहेब, गावाची घड्याळं चालू करून येतो!' आणि स्वतःच हसतो."

घड्याळजींचा गालावरचा हात खाली आला.

"आणि ती?"

"तो गेला की एकटीच सराव करते. 'मी कायमची चाललेय. मला शोधू नका.' रोज अर्ध्यावर रडायची. आज पहिल्यांदा न अडखळता पूर्ण बोलली बघ."

"अगं बाई! म्हणजे आज सांगणार?"

"मला तर तसंच वाटतंय. त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही."

एवढं बोलून थोरली घड्याळजींकडे वळली.

"काका, तुमचा नंबर कितवा हो?"

घड्याळजींनी तोंड उघडलं, पुन्हा घट्ट मिटलं आणि दोन बोटं वर केली.

"अरे देवा, बोलवतही नाही का? फारच दुखतंय वाटतं!"