शंभरावर चाललेला होमराज

वहिनी, मंडळी, आमच्या क्लासच्या पोरींनो,

होमराजला निरोप द्यायला तुम्ही एवढे सगळे आलात. मला मात्र बोलायला जड जात आहे. सांभाळून घ्या.

कामठ्याच्या शाळेत होमराज आणि मी एका टाटपट्टीवर बसायचो. पुढे गोंदियात दोघांनी कॉम्प्युटर क्लास काढला. मशीन इतकं हळू, की पोरी दुसरीकडे जाऊ लागल्या. क्लास बंद पडणार होता. म्हणून नवा मदरबोर्ड आणला, हजार मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणला, नवी रॅम, म्हणजे मेमरी, आणली. जुनी रॅमही होमराजनं शेजारी लावली.

मी म्हटलं, "ती काढ ना."

"कायले फेकतो बे? चालून राहिली ना!"

मशीन सुरू केलं. स्क्रीनवर आकडा आला साडेसातशे.

मी चिडलो. तो नाही चिडला. एकच विचारत राहिला, कुठं अडलं? मग एकदा राइस मिलसमोर थांबून म्हणाला, "धान वर नेणारा पट्टा हळू असंल, त धान सडणारा हलर किती बी मोठा आण, रिकामाच फिरंल."

आमचा पट्टा म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधली बस. ती एकशे तेहेतीसवर चालायला हवी होती. जुनी रॅम शंभरची. तिला सांभाळायला बोर्डानं बस शंभरावर आणली, आणि बसच्या पटीत चालणारा प्रोसेसरही खाली आला. जुनी रॅम काढली. मेमरी घटली, आकडा हजार झाला!

"काढल्यानं वाढलं, गड्या!" किती हसला तो.

मंडळी, लकवा मारल्यावर त्याचं बोलणं अडलं. त्यानं तोंड उघडलं की आपणच वाक्य पुरं करायचो. पाणी पाहिजे? कूस बदलू? तो डोळे मिटून घ्यायचा. आत काय चाललं असेल? मला त्याचाच प्रश्न पडला, कुठं अडलं?

एका दुपारी मी वहिनींना म्हटलं, आज कोणी काही विचारायचं नाही. बसून राहिलो. मनात रामनाम घेत राहिलो. पुष्कळ वेळानं तो बोलला.

"डोकं... हजाराचंच हाये बे. शंभरावर... चालून राहिलो."

वहिनी, तुम्ही रडता रडता हसलात. आठवतं?

त्याला फक्त वेळ हवा होता. चला, श्रद्धांजलीसाठी उभे राहूया. आज कोणी घड्याळ पाहू नका. होमराजच्या चालीनं थांबूया. आणि त्याचं वाक्य कोणी मध्येच पुरं करू नका.