सहीच्या वरची ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय गोपाळकृष्ण खाडिलकर, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्याने आलेले माझे ज्येष्ठ स्नेही डॉ. श्रीनिवास आगाशे, व्यासपीठावरील मान्यवर, माझे डॉक्टर सहकारी, सगळ्या सिस्टर्स, वॉर्डबॉय, मावश्या, कार्यालयातली मंडळी, आणि पहिल्या रांगेत बसून हा किती वेळ बोलणार या काळजीत असलेली माझी पत्नी कादंबरी,

आपणा सर्वांना नमस्कार.

गेला तासभर मी स्वतःविषयी जे ऐकतो आहे, ते पुण्यात माणूस गेल्यावरच ऐकायला मिळतं. मी अजून आहे, याची नोंद घ्यावी. डॉ. आगाशे यांनी माझ्या हाताचं कौतुक केलं आणि अक्षराची थट्टा केली. यज्ञेश्वरचं अक्षर औषधवाल्यालासुद्धा लागत नाही, असं ते म्हणाले. खरं आहे. त्यानंतर आमच्या तरुण डॉक्टर निकिता बोलल्या. त्यांनी सांगितलं की, थायरॉईडचं ऑपरेशन झालं की सर पेशंटला बोलतं केल्याशिवाय थिएटर सोडत नाहीत. भूल उतरली की टेबलाशी वाकून विचारतात, "तुमचं नाव सांगा." नाव कानावर पडल्यावरच हातमोजे काढतात. या वाक्याला आपण सर्वांत मोठ्या टाळ्या दिल्यात.

निकिताताई, तुम्ही मनापासून बोललात, म्हणून तुमचे आभार मानतो. पण सर हे केव्हापासून करतात, हे कुणी विचारलं का? दोन हजार तीन सालच्या जानेवारीपर्यंत मी कुणालाही नाव विचारत नव्हतो. मला घाई असायची.

अध्यक्षमहाराज, मला दहा मिनिटं दिली आहेत. मी थोडी जास्त घेणार आहे. आपली परवानगी गृहीत धरतो.

दोन हजार तीनच्या जानेवारीत अक्षता साळवे नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. राहणार विश्रांतवाडी. वडील कचरूराव साळवे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घरातली पहिली पदवीधर. ते दिवस आठवा. शहरात रोज नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि इंग्रजी बोलणाऱ्याला घरून बोलावून नोकरी देत होते. अक्षताला एका कॉल सेंटरमध्ये शिकवायची नोकरी मिळाली होती. नव्याने आलेल्या मुलांना फोनवर कसं बोलायचं, आवाज कुठे वर न्यायचा, कुठे खाली आणायचा, हे ती शिकवणार होती. गळ्यात लिंबाएवढी गाठ होती. कामावर रुजू होण्याआधी ती काढून टाकू, एवढाच विचार.

कचरूरावांनी मला विचारलं होतं, "साहेब, बोलण्याला काही होणार नाही ना?"

मी म्हणालो, "अहो, रोजचं काम आहे आमचं."

हे उत्तर नव्हतं. पण त्यांनी ते उत्तर म्हणून घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

इथे जे वैद्यकीय क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. थायरॉईडच्या मागून आवाजाची नस जाते. दोरीपेक्षा बारीक. ती आधी शोधायची, डोळ्यांनी पाहायची, आणि मगच पुढे कापायचं. त्या दिवशी माझी या रुग्णालयात दोन आणि दुसऱ्या एका रुग्णालयात एक अशी तीन ऑपरेशन्स होती. नस लगेच दिसली नाही. दिसेपर्यंत थांबायचं असतं. मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला गेलो. ती पलंगावर बसली होती. तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. मला वाटतं, ती "गुड मॉर्निंग" म्हणाली असावी.

मी सांगितलं, सूज आहे, उतरेल. महिन्याने सांगितलं, वेळ लागतो. दोन महिन्यांनी नोकरी गेली, तेव्हा मी तिला आवाजाचे व्यायाम लिहून दिले. आपल्याला काय झालंय, हे समजण्याचा तिला हक्क होता. पण ते तिला माझ्याकडून कळलं नाही, दुसऱ्या एका डॉक्टरांकडून कळलं. मार्च महिन्यात तिने आपल्या कागदपत्रांची प्रत मागितली. रुग्णाने कागद मागितले तर बहात्तर तासांत द्यावेत, असा नियम आहे. आमच्या रेकॉर्ड विभागातल्या माणसाने फोन केला, "सर, साळवेंच्या फाईलची झेरॉक्स मागितलीय. देऊ?"

मी म्हणालो, "फाईल आधी माझ्याकडे आण."

संमतिपत्र आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. वर छापील मजकूर, खाली रुग्णाची सही, आणि मध्ये थोडी कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत मी एक ओळ लिहिली. "शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला इजा होऊन आवाज कायमचा जाण्याची शक्यता मला समजावून सांगण्यात आली असून ती मला मान्य आहे."

डॉ. आगाशे, ही ओळ मी अतिशय सुवाच्य अक्षरात लिहिली आहे. औषधवाल्यालाच काय, लहान मुलालाही वाचता येईल.

(कृपया कुणी उठू नका. अध्यक्षमहाराज, माईक चालू राहू द्या, अशी हात जोडून विनंती करतो.)

पंच्याण्णव साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो. तेव्हा आमच्या संघटनेच्या बैठकीत मीच तावातावाने बोललो होतो, की आम्ही काय किराणा विकतो का? दुकानदाराला निदान वजनकाट्याची भीती असते. असो. अक्षताने जिल्हा ग्राहक मंचात तक्रार केली. दोन हजार पाचमध्ये सुनावणी झाली. माझ्या वकिलांनी ती ओळ मोठ्याने वाचली. मंचाच्या अध्यक्षांनी अक्षताला पुढे बोलावलं. "ही सही तुमची आहे का?"

तिने मान डोलावली. मग ती काहीतरी बोलली.

"मोठ्याने बोला," अध्यक्ष म्हणाले.

ती पुन्हा बोलली. वर पंखा फिरत होता.

"बाई, मोठ्याने बोला. लिहून घेणाऱ्याला ऐकू यायला हवं."

कचरूराव मागून उठले. "साहेब, ती म्हणतेय की..." त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही साक्षीदार नाही, खाली बसा. तिच्या वकिलांनी तिला ते लिहून देऊ द्या म्हटलं, माझ्या वकिलांनी हरकत घेतली, आणि त्या गोंधळात विषय पुढे गेला.

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. ती काय म्हणाली, ते मला स्वच्छ ऐकू आलं. ती म्हणाली, "सही माझी आहे. वरचं वाक्य तेव्हा नव्हतं." कचरूराव सोडले तर त्या दालनात हे कळलेला मी एकटाच होतो. मी खाली पाहत उभा राहिलो.

तक्रार फेटाळली गेली. निकालपत्रात एक वाक्य आहे, ते मला पाठ आहे. "तक्रारदाराचे कथन विश्वासार्ह वाटत नाही." अपील करण्याचं बळ त्या घरात उरलं नव्हतं. आपण मला पेढे दिलेत.

राऊंडच्या त्या सकाळपासून मी टेबलावरच्या प्रत्येकाला नाव विचारतो. लोक आपलं नाव सांगतात. कुणी सुलभा म्हणतं, कुणी पोपट म्हणतं. आणि प्रत्येक वेळी, ते नाव कानावर येण्याआधीच्या त्या दोन-तीन क्षणांत, मला फक्त हवा ऐकू येते. तेरा वर्षं झाली. निकिताताई, तुम्ही ज्याला काळजी म्हणता, ते हे आहे.

आपल्या थिएटरच्या सिस्टर हेमाताई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आज त्या आलेल्या नाहीत. निरोपाच्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. मला वाटलं, नमस्कार करायला आल्या. त्या म्हणाल्या, "सर, साळवेंची सही मी घेतली होती. कोऱ्या जागेवर मी तेव्हाच रेघ मारायला हवी होती. माझं चुकलं." एवढं बोलून निघून गेल्या. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि माझ्या कृत्यातला त्यांचा नसलेला वाटासुद्धा त्या इतकी वर्षं उचलत होत्या. यानंतर मी काय केलं? काही नाही. दोन वर्षं काही नाही. आपली निमंत्रणपत्रिका छापून आली, तिच्यावर माझ्या नावापुढे 'सचोटी' हा शब्द वाचला, आणि मग मात्र मी विश्रांतवाडीला गेलो.

दार कचरूरावांनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं. "या," म्हणाले, दुसरं काही नाही. अक्षता आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून संगणकावर काम करत होती. अमेरिकेतले डॉक्टर ऑपरेशननंतर यंत्रात बोलून ठेवतात, ते ऐकून ती टाईप करते. त्यावर घर चालतं. ती बाहेर येऊन बसली, तसा कचरूरावांनी उठून पंखा बंद केला. त्या घरात ती बोलायची असली की पंखा बंद करतात.

मी सगळं सांगितलं. नस, घाई, फाईल, ओळ. मग म्हणालो, मंचाकडे तुम्ही जेवढी भरपाई मागितली होती, तेवढी मी स्वतः देतो, व्याजासकट.

ती ज्या आवाजात बोलली, त्या आवाजासाठी मला पुढे सरकून बसावं लागलं. "ती मंचाने द्यायची होती. माझा हक्क म्हणून. तुम्ही घरी आणून दिलीत तर ते दान होईल."

मी चेकबुक पुन्हा खिशात ठेवलं.

"मी रोज तुमच्यासारख्यांची टिपणं टाईप करते," ती म्हणाली. "प्रत्येक जण सांगतो, नस पाहिली, नस जपली. अकरा वर्षांत हजारो वेळा मी ते वाक्य टाईप केलंय. तुमच्या टिपणात ते नव्हतं. हे काम शिकायला मला वर्ष लागलं, तेव्हा कळलं. तोवर निकाल लागला होता."

"मी काय करू?" मी विचारलं.

"निकालात लिहिलंय, मी विश्वासार्ह नाही. ते खोडून आणा."

आणि कचरूराव म्हणाले, "चारचौघांत सांगा, साहेब. आम्हाला चारचौघांत खोटं पाडलं होतं."

म्हणून हे आज इथे. गेल्या पंधरवड्यात मी प्रतिज्ञापत्र करून तिच्या वकिलांच्या हाती दिलं. एक प्रत वैद्यक परिषदेला पाठवली. वकील म्हणाले, इतक्या वर्षांनी निकाल उघडणं अवघड आहे, पण न्यायासनाला फसवून मिळवलेला निकाल हा निकालच नव्हे, असं मांडता येतं. खोट्या पुराव्याबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो. व्हावा. कादंबरीला मी हे परवा रात्री सांगितलं. ती काहीच बोललेली नाही, आणि आज ती इथे आली आहे. याहून जास्त मागण्याचा मला अधिकार नाही.

मी अक्षताला या समारंभाला बोलावलं होतं. तिने निरोप पाठवला, "माझी शिफ्ट आहे."

आता आभार. आपण मला शाल आणि मानपत्र दिलंत. दोन्ही मी या टेबलावर ठेवून जातो. मानपत्रात जे लिहिलंय ते तपासून घ्यावं, ही विश्वस्तांना विनंती. तरुण डॉक्टरांनो, तुम्हाला उपदेश करण्याची जागा मी गमावली आहे. एवढंच सांगतो, रुग्ण कागद मागायला आला तर तो शत्रू म्हणून आलेला नसतो. आपल्याला काय झालं, हे त्याला विचारायचं असतं.

एक शेवटचं. दोन हजार पाचच्या त्या सुनावणीला आपल्यापैकी नऊ डॉक्टर आपापले दवाखाने बंद ठेवून माझ्यामागे येऊन बसले होते. त्यांतले सहा आज इथे दिसत आहेत. तिच्या बाजूच्या बाकावर एकटे कचरूराव होते. तो निकाल रद्द करावा म्हणून अक्षताचा अर्ज दाखल झाला आहे, पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला त्यावर सुनावणी आहे. माझ्यामागे कुणी बसू नये. ज्यांना यायचं असेल, त्यांनी त्या बाकावर बसावं.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द उणा-अधिक गेला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते आपण पोटात घाला. बाकीचं घालू नका.

नमस्कार.