गाठीचा रुमाल

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारीच मेकॅनिक एका बाईंशी बोलत होता.

"ताई, चावी काढली होती ना?"

"अहो, हातातच होती! तरी इंजिन किंचाळतच सुटलं."

"टर्बोचं सील गेलंय. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन चावीशिवायही पळत राहतं. मग हवेचा पाइप बंद केल्याशिवाय थांबत नाही. पाइपात रुमाल तुम्हीच कोंबलात?"

"छे! मी एकटीच होते, लांब पळाले."

"मग हा कुणाचा? कोपऱ्याला गाठ आहे."

"गाठ आमच्या ह्यांचीच. ऑइल बदलायची आठवण राहावी म्हणून मारायचे."

"म्हणजे साहेबांनीच थांबवलं."

"मागच्या वर्षी त्यांना स्मशानात नेलं, तेव्हा हा रुमाल मीच त्यांच्या खिशात ठेवला होता."