दसऱ्याला जळालेल्या कॉम्प्युटरबाबत

जबाब
शहापूर पोलीस ठाणे, ता. २३ ऑक्टोबर २००७

मी संदेश कमळू निमसे, वय २८ वर्षे, धंदा कॉम्प्युटर जोडणी व दुरुस्ती, दुकान शहापूर बाजारपेठ, राहणार शेणवा, ता. शहापूर, जि. ठाणे. आज बोलावणे आल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहतो. माझे लग्न झालेले नाही. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, पण अर्जदाराचे ठरले आहे म्हणून सांगितले.

अर्जदार प्रज्वल सुदाम विशे हा माझ्याच गावचा असून वाशिंदच्या कंपनीत कामाला आहे. आम्ही पाचवीपासून एका बाकावर बसलो. आमची आई दिवसभर शेतावर असायची, त्यामुळे शाळा सुटली की मी त्याच्याच घरी जेवायचो. त्याची आई तानीकाकी आधी मला वाढायची, कारण मी हळू जेवतो. प्रज्वलने अर्ज दिला आहे की, त्याचा नवा गेमिंग कॉम्प्युटर मी खार खाऊन मुद्दाम जाळला. अर्जावर सही त्याची आहे, भाषा त्याची नाही. ‘द्वेषबुद्धीने’ असा शब्द प्रज्वलच्या तोंडून मी जन्मात ऐकलेला नाही.

सदर कॉम्प्युटरचा बेत मूळ आमच्या दोघांचा. गेली दोन वर्षे तो ड्युटीवरून सुटला की घरी न जाता आधी माझ्या दुकानात यायचा. टीव्हीच्या एका रिकाम्या खोक्याला आम्ही कॅबिनेट धरले होते. प्रोसेसर कुठे बसेल, पंखा हवा कुठून ओढेल, ग्राफिक कार्ड किती लांब चालेल, ते सगळे त्यात खडूने आखले होते. मदरबोर्ड कोणता घ्यायचा यावरून एकदा आमचे बोलणे बंद झाले होते. त्याला गेमसाठी दोन ग्राफिक कार्डे हवी होती. माझे म्हणणे की एकच लाव, पण दमाचे लाव, आणि सगळ्यात आधी एसएमपीएस चांगला घे, कारण आतल्या प्रत्येक भागाला वीज तोच वाटतो. वाढणारीचाच हात आखडला तर पंगत उपाशी उठते. शेवटी तो माझे ऐकायचा. ते खोके अजून माझ्या दुकानात आहे, पाहिजे तर जप्त करावे.

यंदा प्रज्वल कंपनीत कायम झाला आणि कल्याणच्या मनस्वी नावाच्या मुलीशी त्याचा साखरपुडा झाला. मुलगी चांगली आहे, तिच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. तिला एक भाऊ आहे. त्याचे नाव अर्जात साक्षीदार म्हणून आहे, तिथून पाहून घ्यावे. मला ते घ्यायचे नाही, मी मेहुणे म्हणेन. नवरात्रातल्या शनिवारी सामान निवडायला मी आणि प्रज्वल मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणार असे ठरले होते. मी दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून आसनगाव स्टेशनवर उभा राहिलो. तो आदल्या रात्रीच कल्याणला मुक्कामाला गेला होता आणि तिथून मेहुण्यांसोबत परस्पर गेला, हे मला संध्याकाळी कळले. शर्ट तसाच घालून मी दुकानात बसून होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बघायला बोलावले. मेहुणे ओटीवर बसून जोडणी करीत होते. ती माझी जागा. कॅबिनेटला एका बाजूने काच, आत निळे दिवे, डोक्यावर मोठा पंखा आणि त्यावर नुसती जाळी. ग्राफिक कार्डे दोन. एसएमपीएस मात्र मी सांगितला होता त्याहून कमी ताकदीचा. मांडव झगमगीत आणि नवरीच्या अंगावर जुनेर, अशातला तो प्रकार होता, आणि मी तसे बोललो. शेणव्याचे व्होल्टेज कल्याणच्या माणसाला काय कळणार, असेही बोललो. ‘ह्यो एसएमपीएस दसऱ्यालाच जळंल बघ,’ हे शब्द मी चारचौघांत उच्चारले हे खरे आहे. त्याच शब्दांवरून आज मी येथे आहे. त्यावर मेहुणे म्हणाले की, गिऱ्हाईक हातचे गेले की दुकानदाराच्या पोटात दुखतेच. माझ्या पोटात दुखत होते हे मी नाकारत नाही. गिऱ्हाइकासाठी दुखत नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी मी सोने द्यायला त्याच्या घरी गेलो. पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाड, मोटारसायकलची चावी मांडलेली होती आणि मधोमध कॉम्प्युटर, चालू करून ठेवलेला. त्याला झेंडूचा हार व भाताच्या लोंब्या. आमच्याकडे वस्तू ज्याच्या हातची, त्याच्याकडून नारळ वाढवून घेतात, आणि घरची बाई ते पाणी सगळ्या अवजारांवर शिंपडते. प्रज्वलने नारळ मेहुण्यांच्या हातात दिला. मी दारातूनच म्हणालो की मशीन बंद करा आणि वरच्या जाळीवर काहीतरी झाका. मेहुणे म्हणाले, ‘आता पूजापण तुमच्याकडूनच शिकायची का?’ प्रज्वलने माझ्याकडे बघितले आणि खाली बघितले. मी आपट्याची पाने दाराशी ठेवून निघालो. मशीनला माझा हात लागलेला नाही. फट् असा आवाज होऊन धूर निघाला असे म्हणतात, तोवर मी शहापूरच्या रस्त्याला लागलो होतो.

आज प्रज्वलने सदर कॉम्प्युटर रिक्षात घालून येथे आणला. तुमच्या सांगण्यावरून मी तो प्रज्वल व दोन पंच यांच्या समक्ष उघडला. स्क्रू ड्रायव्हर माझा. जाळीच्या बरोबर खाली मदरबोर्डवर वाळलेले चिकट डाग मिळून आले, डागांत हळद होती आणि पंख्यात अक्षता अडकलेल्या होत्या. मदरबोर्ड व वरचे ग्राफिक कार्ड जळाले आहे. एसएमपीएस शाबूत आहे. म्हणजे माझे भाकीत खोटे ठरले आणि मेहुण्यांनी निवडलेला भाग टिकला. हे सांगायला मला फार जड जाते, पण लिहून घ्यावे.

सबब, मशीन नारळाच्या पाण्याने जळाली, कोणी जाळली नाही. पाणी मेहुण्यांनी शिंपडले असे लिहावे असे मला मनापासून वाटते, पण ते खोटे होईल. ज्यांनी शिंपडले त्यांच्या हातचे मी पाचवीपासून जेवलो आहे. त्यांनी कोयत्यावर शिंपडले त्याच मायेने यावर शिंपडले. त्यांना येथे बोलावू नये, आणि मशीन कशाने गेली ते घरी कोणी त्यांना सांगू नये.

अक्षता पाहून प्रज्वल तिथेच खाली बसला. तो मला म्हणाला, ‘तू निघून का गेलास रे?’ मी म्हणालो, ‘तू थांब बोललास?’ तो म्हणाला, ‘नाय बोललो.’ मी थांबलो असतो तर पाणी शिंपडताना जाळीवर हात धरला असता.

खोट्या अर्जाबद्दल माझी उलट तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. नवा मदरबोर्ड आणि नवे कार्ड घ्यावेच लागेल. ते निवडायला प्रज्वलने माझ्यासोबत यावे. मेहुण्यांनी येऊ नये. आमची गाडी वाटेत कल्याणला थांबते, तेव्हा त्यांनी फलाटावरसुद्धा येऊ नये. एवढीच माझी मागणी आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखविला. प्रज्वल बाहेर बाकावर बसलेला असल्याने शेवटचा परिच्छेद दारात उभे राहून पुन्हा वाचावा अशी मी विनंती केली, त्याप्रमाणे हवालदारसाहेबांनी वाचला. मी बोललो तेच यात उतरले आहे, त्याखाली सही करतो.

समक्ष: ठाणे अंमलदार
सही: संदेश क. निमसे

(सहीखाली, जबाब देणाऱ्याच्या स्वतःच्या अक्षरात)
शनिवारी जाणार. दोघंच.