गाडी कोण चालवत होतं

एकनाथराव : पंचनाम्यावर सही माझी आहे, अक्का. मलाच चौकीत जावं लागेल.

चतुराबाई : सही झालीय ना? मग आता कशाला बदलायची? तू वकील माणूस, रामचंद्र तुझा भाचा. बाप नाही त्याला. एवढं कर, गप्प बस.

एकनाथराव : कालपासून तेच करतोय. जमादारानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं. रामचंद्र खाली बघत राहिला. ड्रायव्हर युसूफमियाँ म्हणाला, ‘गाडी मेरे हवाले थी, हुजूर.’ जमादारानं चालक म्हणून त्याचंच नाव लिहिलं. मी वाचलं आणि सही ठोकली.

चतुराबाई : तो काय खोटं बोलला? जागीरदारसाहेबांनी त्यांची गाडी आपल्याला त्याच्याच भरवशावर दिली होती. पोराच्या हाती चाक द्यायचंच नव्हतं त्यानं.

एकनाथराव : तो नकोच म्हणत होता. तारनाक्याहून मुलगी बघून निघताना तिचे भाऊ फाटकात उभे होते, आणि आपल्या नवरदेवाला मिजास दाखवायची होती. मीच मागून म्हणालो, चलाने दो मियाँ, कोपऱ्यापर्यंत. नामपल्ली आली तरी पोरानं चाक सोडलं नाही.

चतुराबाई : गाडी मागून आणा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. टांग्यातून मुलगी बघायला गेलात तर निर्मलाच्या घरचे काय म्हणतील, असं वाटलं. आणि उडवलं ते टांग्यालाच. कसा आहे तो टांगेवाला?

एकनाथराव : सकाळी वारला. दवाखान्यात.

चतुराबाई : अरे देवा. मग तर बोलूच नकोस. पोराला जेलमध्ये टाकतील.

एकनाथराव : नाही बोललो तर युसूफला टाकतील. पोलीस ॲक्शनला सहा महिने होतायत. अंमलदार बाहेरून आलेले, त्यांना त्याचं नाव ऐकलं की पुरे. त्याच्या बाजूनं कोण उभं राहणार?

चतुराबाई : मला काय वाईट वाटत नाही? रझाकारांच्या दिवसांत त्यानंच मला स्टेशनवर नेऊन सोलापूरच्या गाडीत बसवलं. पण मला एकच पोर आहे रे. आणि तुझं काय? खोट्या पंचनाम्यावर सही केली म्हणून वकिलीची सनद जाईल तुझी.

एकनाथराव : जाईल.

चतुराबाई : कुसुमला सांगितलंस? बायको आहे ती तुझी.

एकनाथराव : सांगितलं. रडली. म्हणाली, अक्कांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

चतुराबाई : आणि मी नको म्हटलं तर?

एकनाथराव : तर माझा पाय उचलणार नाही. खरं सांगतो. मलाही भीती वाटते, अक्का.



चतुराबाई : युसूफच्या घरचं कुणी आलंय का चौकीत?

एकनाथराव : त्याची आई. सकाळपासून पायरीवर बसून आहे.

चतुराबाई : तुला ओळखलं तिनं?

एकनाथराव : ओळखलं. उठून सलाम केला.

चतुराबाई : शिव्या दिल्या असतील.

एकनाथराव : नाही. रामचंद्राचंच विचारलं, ‘बच्चे कू ज्यादा तो नै लगी ना, वकीलसाब?’

(चतुराबाई उठते, खुंटीवरची शाल काढते.)

एकनाथराव : अक्का?

चतुराबाई : आत पडलाय तो, तोंड झाकून. उठव त्याला. मी पण येते.