ऑरिनचा एकमेव झेल

...झोप येणार कशी हो? रात्रभर डोक्यात एकच. उद्या माझ्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या हातून एक जरी झेल सुटला, तरी परत लोखंडाची भट्टी! त्या भट्टीनं गेल्या हिवाळ्यात त्याला असा खोकला दिला, की त्याचे रुमाल मी लपवून धुवायचे. बेसबॉल खेळायचा पगार मिळतो म्हणून माणूस धड श्वास घेतोय. आणि क्लबचे मालक ड्रमगूल मिशीला पीळ देत काय म्हणाले? "ऑरिन, लेका, उद्या झेल सोड... एकच सोड... मग बघ!" तुम्हीच सांगा, मी काय करायचं?

गेले मैदानावर. स्वस्तातली जागा म्हणजे बग्ग्यांमागचं गवत, तिथं बसले. मांडीवर आमची थर्झा, पाच वर्षांची. मी लग्नाआधी शाळेत शिकवायचे ना, पोरीला खरं बोलायची अशी सवय लावलीय, की पाद्रीबाबांच्या बायकोला "तुमचा केक आईनं कोंबड्यांना घातला" असं सांगून आली! जेवताना बाप खेळाचे नियम सांगतो, ही पाठ करते. मी आपली हं हं करत बटाटे वाढते.

आणि सामना? कसला सामना, नुसती धुलाई! पाहुणे मारताहेत, आमचे धावताहेत, एकतीस-शून्य! "अरे, त्यांना झेलायला बादल्या तरी द्या रे!" मागून कुणीतरी ओरडलं. उघड्या हातांचा खेळ हा, ऑरिनची बोटं गाजरासारखी सुजलेली. चेंडू त्याच्या डोक्यावरून जात होते, आणि मी म्हणत होते, जाऊ दे, देवा, असेच वरून जाऊ दे!

पाहुण्यांचा शेवटचा गडी. चेंडू उंच उडाला... रेषेबाहेर... थेट आमच्याकडे, बग्ग्यांमागे! ऑरिन धावत आला, घोड्याच्या पोटाखालून घुसला... टप्प! एक टप्पा पडला, मग त्यानं धरला. पाहिलं फक्त मी आणि थर्झानं.

"जमिनीवर लोळत होता, उचलला त्यानं!" पाहुण्यांचा कर्णधार बोंबलला.

पंचांना काहीच दिसलेलं नाही. अशा वेळी प्रेक्षकांना विचारायचं, रीतच आहे. त्यांनी टोपी काढली. "बाई, तुम्ही मास्तरीण होतात. कसा धरला?"

ड्रमगूल मिशी सोडून माझ्याकडे बघताहेत. ऑरिनही. तुम्हीच सांगा, मी काय करायचं?

"हवेतच!" निघून गेलं तोंडातून. वर आणखी, "अगदी अलगद, सफरचंद तोडावं तसा!"

आणि मांडीवरून थर्झा, "नाही. टप्पा पडला. एक."

संपलं! भट्टी दिसली, रुमाल दिसले...

पंच मात्र हसले. "अहो, रेषेबाहेरचा चेंडू ना? मग एका टप्प्यावर धरला तरी गडी बाद! बाद!"

टोप्या उडाल्या! ड्रमगूलनी ऑरिनच्या पाठीवर थाप मारली, "सोमवारी सरावाला वेळेवर ये!" एकतीस धावांनी हरून एवढा जल्लोष जगात कुणी केला नसेल. मी सुटकेचा श्वास घेतला... अर्धाच. कारण थर्झानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे म्हणून मीच घोटून घेतलेल्या त्या खणखणीत आवाजात विचारलं,

"मग आई, तू खोटं का बोललीस?"